नोटबुकमधून फक्त आकडेमोड करावी, की प्रयोगही चालवावा?

ओहममापक

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ फिल्मचा विद्युतरोध चार टोकांनी मोजण्याचा फोर-प्रोब सेटअप आहे. एक सोर्समीटर (ठरवलेला प्रवाह किंवा दाब पुरवणारे उपकरण), एक नॅनोव्होल्टमीटर, एक तापमान नियंत्रक आणि द्रव नायट्रोजनवर चालणारा छोटा क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवणारे पात्र), एवढाच संसार. आजवर ही उपकरणे एका माजी विद्यार्थ्याने व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर चालत आली. तो विद्यार्थी परदेशी गेला, प्रोग्रामच्या आत काय आहे हे कोणाला उमगत नाही, आणि ज्या संगणकावर तो चालतो त्याने आता मान टाकायला सुरुवात केली आहे.

यंदा आलेल्या संशोधक विद्यार्थिनीने पायव्हिसा ही उपकरणांशी बोलणारी पायथन लायब्ररी वापरून सगळे काम ज्युपिटर नोटबुकमध्ये आणले आहे, म्हणजे ब्राउझरमध्ये प्रोग्रामचे तुकडे (सेल) एकेक करून चालवता येतात. वरच्या सेलमध्ये उपकरणांशी जोडणी होते, त्याखालच्या सेलमध्ये विद्युतप्रवाह ठरतो, त्याखाली तापमान चढवण्याचे आणि रीडिंग घेण्याचे लूप आहे, आणि आलेख तिथल्या तिथे उमटतो. पाहायला अतिशय देखणे आहे. माझी शंका तिच्या कौशल्याबद्दल नाही, साधनाबद्दल आहे. नोटबुक हे हिशोब करून पाहण्यासाठी घडलेले साधन. ते गरम होणाऱ्या हीटरच्या आणि नाजूक नमुन्याच्या हातात द्यावे का? ज्यांनी प्रत्यक्ष असे प्रयोग चालवले आहेत किंवा मुद्दाम टाळले आहेत, त्यांनी कारणांसह लिहावे ही विनंती.

शून्यकेल्विन

जरूर द्यावे, आणि निर्धास्तपणे द्यावे. मी अतिशीत तापमानावरच्या क्वांटम उपकरणांवर काम करतो आणि आमच्या क्षेत्रात नोटबुक हीच आता रुळलेली पद्धत आहे. कारण असे की क्वांटम डॉट (मोजके इलेक्ट्रॉन अडकवणारी सूक्ष्म रचना) जुळवताना पुढचे मोजमाप कोणते घ्यायचे हे मागच्या मोजमापाचा आलेख पाहिल्याशिवाय ठरतच नाही. एका गेटचा (नियंत्रक इलेक्ट्रोडचा) विद्युतदाब थोडा खाली आणायचा, प्रवाह कुठे तुटतो ते पाहायचे, मग दुसऱ्या गेटकडे वळायचे. हा शोध सकाळीच स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवता येत नाही.

कोपनहेगन, डेल्फ्ट, सिडनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्यातून तयार झालेली क्यूकोड्स ही पायथन लायब्ररी नेमकी याच गरजेतून आली. तिच्यात प्रत्येक मोजमापाला क्रमांक मिळतो, आकडे एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये जातात, आणि त्या क्षणी जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची कोणती मांडणी होती याची नोंदही सोबत बसते. नोटबुक उद्या हरवले तरी मोजमाप हरवत नाही. तुमच्या विद्यार्थिनीने निदान एवढे तरी करावे: आकडे नोटबुकच्या पोटात ठेवू नयेत.

तर्ककर्कश

शून्यकेल्विन यांचा उत्साह समजू शकतो, पण त्यांनी जे सांगितले ते नोटबुकचे गुण नाहीत. ते नोटबुकच्या खाली बसवलेल्या लायब्ररीचे गुण आहेत. नोटबुकचा स्वतःचा स्वभाव वेगळा आहे. सेल कोणत्याही क्रमाने चालवता येतात, खोडलेल्या सेलने निर्माण केलेले चल कर्नलच्या (मागे पायथन चालवणाऱ्या प्रक्रियेच्या) स्मृतीत तसेच राहतात, आणि पडद्यावर जे वाचतो ते आणि प्रत्यक्षात जे घडले ते यांचा मेळ असेलच याची हमी नसते. २०१९ मध्ये गिटहब या प्रोग्राम साठवण्याच्या संकेतस्थळावरील सुमारे १४ लाख नोटबुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतली ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली त्यांपैकी साधारण २४ टक्के त्रुटीशिवाय शेवटपर्यंत चालली, आणि मूळचेच उत्तर जेमतेम ४ टक्क्यांनी दिले.

हे सगळे आकडेमोडीबद्दल झाले. तिथे गोंधळ झाला तर कर्नल पुन्हा सुरू करून सगळे सेल वरून खाली चालवता येतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. प्रयोगात ही सोय नाही. जळालेली फिल्म कर्नल पुन्हा सुरू केल्याने परत येत नाही.

कडकचहा

आमच्या प्रयोगशाळेतील कळफलकावर सेल चालवणाऱ्या शिफ्ट आणि एंटर या कळांवरची अक्षरे केव्हाच पुसली गेली आहेत. त्यावरून आमचे मत ओळखावे.

समांतरभिंग

तर्ककर्कश यांचा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचे एक उदाहरण देतो. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली नमुना सरकवणारे मोटरचे टेबल आहे. त्याला आज्ञा दोन प्रकारे देता येते: "२५ मिलिमीटरच्या खुणेवर जा" किंवा "आहेस तिथून ५ मिलिमीटर पुढे सरक". पहिली आज्ञा असलेला सेल चुकून दोनदा चालला तर काहीही होत नाही, कारण टेबल आधीच तिथे असते. दुसरीचा सेल दोनदा चालला तर टेबल १० मिलिमीटर सरकते, आणि उभ्या अक्षावर हे घडले तर वस्तुभिंग सरळ नमुन्यावर टेकते. सेलच्या डावीकडे येणारा क्रमांक बदललेला दिसतो, पण तो पाहीपर्यंत मोटरने आपले काम केलेले असते.

असा प्रकार एका पाहुण्या विद्यार्थ्याच्या हातून घडला. तेव्हापासून आमच्या नोटबुकांमध्ये सापेक्ष हालचालीची आज्ञाच लिहायची नाही असा दंडक आहे, आणि टेबलाच्या कंट्रोलरमध्ये वरची व खालची मर्यादा कायमची भरून ठेवली आहे. तरीही शेवटचा भरवसा लिमिट स्विचवर (टोकाला पोहोचताच मोटर थांबवणाऱ्या कळीवर), कारण तो पायथनला काही विचारत नाही.

ओहममापक

समांतरभिंग यांचे उदाहरण नेमके आहे. आमच्या सेटअपमध्ये काही सरकत नाही, पण "प्रवाह आणखी १० टक्के वाढव" असा एक सेल आहे हे आताच आठवले. उद्या सकाळी तो आधी पाहतो.

आणखी एक प्रश्न. विद्यार्थिनीने नोटबुकमध्येच लाल रंगाचे "थांबा" असे बटण केले आहे. लूप चालू असताना मी ते दाबून पाहिले, तर लूप संपल्यावरच काय ते घडले. हे असे का?

सूत्रधार

कारण सरळ आहे. तुमच्यासमोर दिसते तो ब्राउझर, त्यामागे नोटबुकचा सर्व्हर, आणि त्यामागे प्रत्यक्ष पायथन चालवणारा कर्नल, असे तीन वेगळे कारभारी इथे आहेत आणि ते एकमेकांना संदेश पाठवून काम करतात. लूपचा सेल चालू असताना कर्नल त्यातच गुंतलेला असतो. तुमच्या लाल बटणाचा संदेश त्याच्यापर्यंत पोहोचतो, पण रांगेत पडून राहतो. लूप दुसऱ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) चालवला किंवा असिंकआयओ या पायथनच्या आळीपाळीने कामे करण्याच्या सोयीने लिहिला तर बटणाला मधे वाव मिळतो. एरवी टूलबारवरचे व्यत्ययाचे बटण वापरावे लागते, कारण ते रांगेत उभे न राहता कर्नलला थेट इशारा देते.

त्या इशाऱ्याचीही एक खोच आहे. समजा पायथनने नॅनोव्होल्टमीटरला रीडिंग मागितले आणि उत्तर वाचण्याच्या आतच व्यत्यय आला. आता उपकरणाचे उत्तर तयार आहे, पण घेणारा कोणी नाही. जीपीआयबीवर (उपकरणे संगणकाला जोडणाऱ्या एका प्रकारच्या जोडणीवर) पुढचा प्रश्न गेला की उपकरण जुने उत्तर टाकून देते आणि उणे ४१० क्रमांकाची त्रुटी नोंदवते. निदान काहीतरी बिनसले हे कळते. सिरियल पोर्टवर मात्र जुने उत्तर बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) तसेच पडून राहते. तुम्ही १०० केल्विनला विचारले की ९९ केल्विनचे उत्तर येते, १०१ ला १०० चे, आणि रात्रभर सगळी रीडिंग एका घराने मागे चालत राहतात. आलेख गुळगुळीत दिसतो, त्यामुळे संशय येत नाही. म्हणून व्यत्ययानंतर पहिले काम बफर रिकामा करणे. त्याखेरीज पुढचा सेल चालवू नये.

आणखी एक गोष्ट सर्वांनी मनात पक्की करावी. ब्राउझरची खिडकी बंद केली म्हणजे कर्नल थांबत नाही, आणि कर्नल मेला म्हणजे उपकरण थांबत नाही. रिमोट फेकून दिला म्हणून दूरदर्शन संच बंद होत नाही. सोर्समीटरला शेवटची आज्ञा जी मिळाली असेल तेवढा प्रवाह तो देत राहतो. लूपभोवती ट्राय आणि फायनली लिहून शेवटी आउटपुट बंद करण्याची ओळ अवश्य ठेवावी; व्यत्यय आला तरी ती चालते. पण कर्नल बळाने मारला गेला किंवा संगणकाची वीज गेली तर ती ओळही चालत नाही.

शून्यकेल्विन

सूत्रधार यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. म्हणूनच सोर्समीटरमध्ये कंप्लायन्स नावाची मर्यादा असते. प्रवाह देत असाल तर विद्युतदाब किती व्होल्टपलीकडे जाऊ द्यायचा नाही हे उपकरणालाच सांगून ठेवता येते, आणि संपर्काची तार सुटली तरी उपकरण ती मर्यादा स्वतः पाळते. तापमान नियंत्रकातही हीटरची कमाल पातळी आणि अतितापाची कात्री असते. ही मूल्ये नोटबुकमधून न भरता उपकरणाच्या पुढच्या पट्टीवरून हाताने भरावीत आणि नोटबुकने ती फक्त वाचून तपासावीत.

जुनीनोंदवही

या संदर्भात थेराक-२५ ची आठवण करून देणे भाग आहे. कर्करोगावरील किरणोपचाराच्या या यंत्रात आधीच्या थेराक-२० मध्ये असलेले यांत्रिक आणि विद्युत अडसर काढून त्यांचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने किमान सहा रुग्णांना अतोनात मात्रा दिली आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. नंतरच्या चौकशीत लक्षात आले की सॉफ्टवेअरमधील त्याच प्रकारचा दोष थेराक-२० मध्येही होता. फरक एवढाच की तिथे फ्यूज उडत असे आणि माणूस वाचत असे. विद्युतरोधाच्या मोजमापात कोणाच्या जिवावर बेतणार नाही हे मान्य, परंतु लेसर, उच्च दाब किंवा उच्च विभव असलेल्या प्रयोगशाळांनी हा इतिहास वाचल्याशिवाय नोटबुकला हात लावू नये.

चलपट्टी

एक छोटी सूचना. नोटबुकमध्ये विजेट म्हणून जी सरकपट्टी मिळते ती थेट विद्युतदाबाला जोडण्याचा मोह सर्वांनाच होतो. तिची मूळ मांडणी अशी आहे की पट्टी ओढत असतानाच मधली मूल्ये एकामागून एक पाठवली जातात. शून्यावरून २ व्होल्टवर जाताना हात घसरून पट्टी क्षणभर ९ वर गेली, तर ९ ही आज्ञाही निघते. सतत अद्ययावत होण्याचा तो पर्याय बंद केला की बोट उचलल्यावरचे एकच मूल्य जाते. त्याहून बरे म्हणजे सरकपट्टीऐवजी आकडा लिहिण्याची चौकट आणि शेजारी वेगळे "पाठवा" बटण.

कडकचहा

म्हणजे आमच्या मार्गदर्शक मॅडम "सरकपट्टीला हात लावायचा नाही" असे जे दारावर लिहून गेल्या आहेत, त्यामागे विज्ञान आहे तर. आम्ही तो स्वभाव समजत होतो.

अटलांटिकपार

मी अमेरिकेतील एका सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या त्वरकावर) काम करतो. मोठ्या सुविधांमध्ये हा प्रश्न कसा सोडवला आहे ते सांगितले तर कदाचित चर्चेला उपयोग होईल.

ब्रुकहेवन येथील एनएसएलएस-२ या सिंक्रोट्रॉनवर ब्लूस्काय नावाची पायथन प्रणाली विकसित झाली आणि आता ती इतरही अनेक ठिकाणी वापरली जाते. तिच्यात वापरकर्ता उपकरणाला थेट आज्ञा देत नाही. तो एक योजना लिहितो: ही मोटर इथून तिथपर्यंत इतक्या टप्प्यांनी न्यावी, प्रत्येक टप्प्याला या डिटेक्टरचे रीडिंग घ्यावे. ती योजना रन इंजिन नावाच्या घटकाकडे दिली जाते आणि प्रत्यक्ष काम तो करतो. योजना चालवण्याआधी ती नुसती वाचून काय काय घडणार आहे याचा गोषवारा काढता येतो, आणि मोटर मर्यादेबाहेर जाणार आहे का हेही तपासता येते. मधे थांबवायचे झाल्यास कंट्रोल-सी एकदा दाबले की पुढच्या सुरक्षित टप्प्यावर प्रयोग विसावतो. दोनदा दाबले तर लगेच थांबतो, आणि दोन्ही वेळा तिथून पुढे चालू करता येतो. सुरुवातीची नोंद, प्रत्येक मोजमापाची नोंद आणि शेवटी प्रयोग यशस्वी झाला की तुटला याची नोंद, अशी कागदपत्रे आपोआप तयार होतात.

त्याखाली मोटर आणि डिटेक्टर सांभाळणारी एपिक्स ही वेगळी नियंत्रण प्रणाली आहे आणि तिच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. माणसांच्या सुरक्षिततेची यंत्रणा तर या सगळ्यापासून अलगच आहे. किरण येणाऱ्या खोलीचे दार उघडे असताना शटर उघडण्याची ताकद कोणत्याही नोटबुकमध्ये नाही. अलीकडे योजनांची रांग सांभाळणारा स्वतंत्र सर्व्हर वापरण्याकडे कल वाढतो आहे. नोटबुकमधून योजना रांगेत टाकायची आणि घरी जायचे. तुमचा लॅपटॉप बंद पडला तरी रांग चालू राहते. थोडक्यात, नोटबुक आहे, पण ते दिवाणखान्यात आहे. स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नाही.

खोडदवाट

अटलांटिकपार यांनी लिहिलेले वाचून आपल्याकडची व्यवस्था आठवली. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. तिथेही निरीक्षण करणारा खगोलशास्त्रज्ञ डिशला स्वतः ढकलत नाही. तो स्रोतांची यादी आणि आज्ञांची फाइल तयार करून देतो, ती नियंत्रण कक्षातून चालते, आणि डिशने कोणत्या कोनापलीकडे जायचे नाही ही मर्यादा डिश फिरवणाऱ्या सर्व्हो यंत्रणेत असते. मिळालेल्या डेटावर नोटबुकांमध्ये वाटेल तेवढी कसरत चालते. येऊ घातलेल्या एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीसाठी टँगो ही नियंत्रण चौकट निवडली आहे आणि तिच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राचा मोठा वाटा आहे. टँगोशी पायथनमधून बोलता येते, म्हणजे नोटबुकमधूनही बोलता येते. पण समोरचे उपकरण काय ऐकेल आणि काय नाकारेल, हे त्या उपकरणाचा टँगोमधील प्रतिनिधी ठरवतो.

हिंगोली जिल्ह्यात होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत रस असणाऱ्यांसाठी: अमेरिकेतील लायगोच्या शोधयंत्रांना जुळवून ठेवणारी गार्डियन नावाची प्रणालीसुद्धा पायथनमध्येच आहे, परंतु ती नोटबुक नसून टप्प्याटप्प्याने एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणारा पहारेकरी आहे.

तर्ककर्कश

शेवटच्या दोन्ही प्रतिसादांतून माझेच म्हणणे सिद्ध होते असे नम्रपणे नोंदवतो. जिथे पैसा आणि मनुष्यबळ आहे तिथे नोटबुक आणि यंत्र यांच्यामध्ये एक जाणता मध्यस्थ उभा केला जातो. महाविद्यालयाच्या एका खोलीत तो मध्यस्थ कुठून आणायचा?

पिपेट

मध्यस्थ विकतही मिळतो, पण त्यालाही विसरण्याची सवय असते. आमच्या जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळेत ओपनट्रॉन्सचा ओटी-२ हा द्रव हाताळणारा यंत्रमानव आहे. त्याच्या आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे आणि त्यावर ज्युपिटर आधीपासून बसवलेले असते. ब्राउझरमध्ये यंत्राचा पत्ता आणि ४८८८८ हा पोर्ट दिला की नोटबुक उघडते. नवा प्रोटोकॉल बसवताना याचा उपयोग फार होतो. प्लेटवरच्या विहिरीच्या (छोट्या खळग्याच्या) तळापासून टिप, म्हणजे पिपेटचे सुटे टोक, किती उंच ठेवावी, दाट द्रव किती सावकाश ओढावा, हे एकेक सेल चालवून डोळ्यांनी पाहत ठरवता येते.

पण कर्नल पुन्हा सुरू केला की रॅकमधल्या कोणत्या टिपा वापरून झाल्या हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. ते पुन्हा पहिल्या घरापासून टिप घ्यायला जाते, आणि तिथे रिकामे भोक असते. म्हणून आमचा नियम असा की जुळवाजुळव नोटबुकमध्ये करायची, आणि प्रत्यक्ष नमुन्यांवरचा प्रयोग आधी सिम्युलेशन करून मग पूर्ण फाइल म्हणून चढवायचा. नमुने रुग्णांचे असतात. तिथे एकेक सेल चालवत बसण्याची हौस परवडत नाही.

बाकक्रमांकशेवटचा

मी पदवीच्या वर्गांना शिकवतो आणि तर्ककर्कश यांच्याशी काही अंशी असहमत आहे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात तयार झालेला एक्सपआइज हा संच आमच्या प्रयोगशाळेत आहे. तो यूएसबीवर चालतो, पायथनमधून त्याच्याशी बोलता येते, आणि त्यातून मिळणारा नियंत्रित विद्युतदाब दोन्ही दिशांना ५ व्होल्टच्या आत असल्याने विद्यार्थ्याने काहीही केले तरी फारसे बिघडत नाही. एक किलोओहमचा रोध आणि एक मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले की कालांक (धारित्र किती लवकर उतरते ते सांगणारा वेळ) एक मिलिसेकंद यायला हवा. विद्यार्थी एका सेलमध्ये धारित्र उतरवतो, दुसऱ्यात वक्र जुळवतो, तिसऱ्यात "उत्तर ०.९ का आले" याचे कारण मराठीत लिहितो. पूर्वी हाच प्रयोग करताना आलेखाच्या कागदावर सांगितलेले उत्तर येईपर्यंत बिंदू हलवले जात, हे आपण सर्वजण जाणतो.

बिघडण्याची किंमत कमी असेल तिथे नोटबुकसारखे शिक्षक नाही. ती किंमत वाढली की नियम बदलावेत. सरसकट बंदी कशासाठी?

तर्ककर्कश

बंदी मी मागितली नाही. मात्र तुमच्याच उदाहरणात एक प्रश्न दडलेला आहे. ०.९ उत्तर आले, विद्यार्थ्याने सेल पुन्हा चालवला, आता ०.९८ आले. आधीचे आउटपुट पुसले गेले आणि त्याचा मागमूस राहिला नाही. बांधीव नोंदवहीत पेनने लिहिलेले रीडिंग खोडले तरी खाली दिसते. नोटबुकमध्ये नको असलेले रीडिंग नाहीसे करायला मुद्दाम लबाडी करावी लागत नाही; नुसते तेच काम पुन्हा केले की पुरते.

मोजमापक

तर्ककर्कश यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. इतका वेळ चर्चा उपकरणांच्या सुरक्षिततेवर चालली, परंतु मला त्याहून अधिक काळजी मोजमापाच्या खरेपणाची वाटते.

लॉक-इन अँप्लिफायरचे (गोंगाटातून क्षीण संकेत वेचणाऱ्या उपकरणाचे) उदाहरण घेऊ. प्रयोगशाळांमध्ये एसआर-८३० हे मॉडेल सर्रास दिसते. त्याचा कालांक १ सेकंद आणि फिल्टरचा उतार ६ डेसिबल ठेवला, तर बदल केल्यानंतर रीडिंग खऱ्या मूल्याच्या ९९ टक्क्यांपुढे पोहोचायला ५ सेकंद लागतात. २४ डेसिबलच्या उताराला साधारण १० सेकंद. स्क्रिप्टमध्ये ही थांबण्याची वेळ एकदा विचार करून लिहिली जाते. नोटबुकमध्ये आलेख डोळ्यांसमोर रेंगाळत वर चढत असतो, समोर बसलेल्याचा धीर सुटतो, आणि ५ चे १ होतात. आता प्रत्येक बिंदू मागच्या बिंदूची थोडी उधारी घेऊन येतो. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले तर वक्र एका बाजूला ओढला जातो, कमी करत आणले तर दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकत्र काढले की सुंदर हिस्टेरिसिस (जाताना आणि येताना वेगळी वाट, हे चुंबकीय पदार्थाचे लक्षण) दिसते. असे हिस्टेरिसिस एका चर्चासत्राच्या पोस्टरवर लागलेले मी पाहिले आहे. नमुन्यात चुंबकत्वाचा लवलेशही नव्हता.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. आलेख जिवंत असतो तेव्हा अपेक्षित शिखर दिसले की मोजमाप थांबवले जाते आणि दिसले नाही की आणखी सरासरी घेतली जाते. दोन्ही वेळा माणसाला आपण काळजीपूर्वक काम करत आहोत असेच वाटत असते. किती वेळ मोजायचे हे मोजण्याआधी ठरवून नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये लिहावे, आणि ते मधे बदलले तर आधीची फाइल तशीच ठेवून नव्या नावाने दुसरी सुरू करावी. शून्यकेल्विन यांच्या क्यूकोड्समध्ये हे आपोआप घडते, कारण तिथे प्रत्येक धावेला नवा क्रमांक मिळतो. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घालावी आणि जुन्या फाइलवर लिहिण्याची मुभाच प्रोग्रामला देऊ नये.

शून्यकेल्विन

मोजमापक यांचा प्रतिसाद वेगळा काढून आमच्या गटात वाटतो आहे. त्यात एकच भर: आमच्याकडेही क्रमांक मिळतात, पण "धाव ४१२ का थांबवली" हे कोणी लिहीत नाही. ते कारण लिहिण्याची सक्ती करणारी एक छोटी चौकट आता आम्ही घातली आहे. कारण लिहिल्याशिवाय पुढची धाव सुरू होत नाही. पहिल्या आठवड्यात सर्वांनी कारण म्हणून एक टिंब लिहिले. आता वाक्ये येऊ लागली आहेत.

रात्रपाळी

रात्रभर चालणाऱ्या मोजमापाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. नोटबुक दर १२० सेकंदांनी आपोआप जतन होते, त्यामुळे डेटाही जतन होतो असा अनेकांचा समज असतो. जतन होते ती नोटबुकची फाइल. कर्नलच्या स्मृतीतील यादीत साठलेली रीडिंग नव्हेत. पहाटे ऑपरेटिंग सिस्टिमने अपडेटसाठी संगणक पुन्हा सुरू केला, किंवा पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी मागच्या वर्षीच संपलेली निघाली, की ती यादी गेली. प्रत्येक रीडिंग आले की लगेच फाइलमध्ये एक ओळ जोडून ती डिस्कवर उतरवावी. एचडीएफ-५ हा मोठ्या डेटाचा फाइल प्रकार वापरत असाल तर फाइल उघडी असताना वीज गेल्यास सगळीच फाइल वाचता न येण्याचा धोका असतो. छोट्या कामाला साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली मजकूर फाइल) बरी.

आणि रात्रीचे काम नोटबुकमध्ये चालवूच नये. तीच फंक्शने टर्मिनलमधून स्क्रिप्ट म्हणून चालवावीत आणि नोटबुक फक्त तयार होणारी फाइल वाचून आलेख काढण्यासाठी उघडावे.

समांतरभिंग

रात्रपाळी यांना दुजोरा. एकाच पोर्टवर दोन नोटबुके उघडी राहिली की एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती पडते, हा त्रासही त्यामुळे टळतो. उपकरणाशी बोलणारी प्रक्रिया एकच असावी.

ओहममापक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विद्यार्थिनीला हा धागा वाचायला दिला आणि आज दुपारी आम्ही दोघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. कंप्लायन्स आणि हीटरची कमाल पातळी पुढच्या पट्टीवरून भरून त्यावर कागद चिकटवला आहे. उपकरणांशी बोलणारी सगळी फंक्शने नोटबुकमधून काढून वेगळ्या पायथन फाइलमध्ये जातील, ती फाइल गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) राहील, आणि तीत बदल झाला तर तो मी किंवा माझे सहकारी वाचल्याशिवाय प्रयोगशाळेच्या संगणकावर येणार नाही. तर्ककर्कश यांचा मध्यस्थ आमच्याकडे एवढाच असेल. नोटबुकमध्ये ती फंक्शने फक्त बोलावली जातील. "प्रवाह १० टक्के वाढव" हा सेल गेला. तापमानाच्या चढउताराची मोजमापे रात्री स्क्रिप्टमधून होतील. लाल बटण तिला फार आवडते, म्हणून ते ठेवले आहे. पण लूप आता वेगळ्या थ्रेडवर आहे आणि बटण खरोखर थांबवते हे तपासून पाहिले.

एक अडचण उरली. नव्या संगणकात जुने जीपीआयबी कार्ड बसत नाही आणि यूएसबीचा जीपीआयबी अडॅप्टर या वर्षीच्या अनुदानात बसणार नाही. सोर्समीटर २४०० मालिकेतला आहे. त्याच्या मागे नऊ पिनांचा पोर्ट दिसतो. त्यावर काम भागेल का?

सूत्रधार

भागेल. तो आरएस-२३२, म्हणजे सिरियल पोर्ट आहे. यूएसबी ते सिरियल अडॅप्टर स्वस्तात मिळतो आणि पायव्हिसा त्यावरही चालते. केबल सरळ जोडणीची घ्या. नल मोडेमची (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) घेतली तर उपकरण उत्तर देणार नाही आणि तुम्ही प्रोग्राममध्ये दोष शोधत बसाल. उपकरणाच्या मेनूमध्ये संवादासाठी जीपीआयबीऐवजी आरएस-२३२ निवडावे लागते. बॉड रेट (संदेशाचा वेग) आणि ओळीचा शेवट दर्शवणारे चिन्ह दोन्हीकडे सारखे असू द्या. मी वर सांगितलेला एका घराने मागे चालण्याचा दोष सिरियलवरच येतो, म्हणून प्रत्येक धावेच्या आरंभी बफर रिकामा करून उपकरणाची ओळख विचारा, आणि उत्तरात मॉडेलचे नाव आल्याशिवाय फंक्शनला पुढे जाऊ देऊ नका.